खडूचं वर्तुळ

एकवीस वर्षं मी भोकं शोधली.
टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून सरकत जाणारा टॉवेल,
तार तुटलेली दिसली की खडूनं गोल,
गोलामागे दोन रुपये दंड,
आणि शनिवारी पाकीट घेताना
राजमल्लू माझ्याकडे बघायचा नाही.

टॉवेलचा धंदा बसला तेव्हा
चार माग ठेवून शेठनं बाकीचे भंगारात घातले
आणि अक्कलकोट रोडच्या त्याच शेडमध्ये
नायलॉनची जाळी विणणारं मशीन आणलं.
आम्ही हसलो.
इथं पाच दिवसांनी नळ येतो,
तोही रात्री तीनला,
आणि आम्ही समुद्र गाळायला निघालो!

पहिला नमुना टेबलावर आला.
लांबच लांब पिशवी,
तिच्या गळ्यात गजांची तिरपी खिडकी,
आणि खिडकीच्या वर
सरळ, निर्लज्ज, दोन हात रुंद भोक.
मी गोल काढला.
एवढा मोठा गोल आयुष्यात काढला नव्हता.

रत्नागिरीहून इब्राहिम तांडेल आला होता,
रात्रभर एसटीत बसून, मांडीवर मापाची दोरी घेऊन.
गोल बघून म्हणाला,
बाय, ते भोकच तर विकत घ्यायला आलोय.

कोळंबी बारीक, ती गजांतून मागे जाते.
कासव आपटतं, वर सरकतं, झडप ढकलतं
आणि निघून जातं.
मासळी नाही जात त्यातून?
जाते की थोडी. खोटं कशाला बोलू.
मग?
बाहेरचा देश बिनभोकाच्या जाळ्यातली कोळंबी घेत नाही.

एवढं बोलून गप्प बसला.
चहावर साय धरली.
मग कुणी न विचारता म्हणाला,
एकदा जाळं ओढलं तर आत मादी, परातीएवढी.
डेकवर ठेवली, मागची बाजू उंच करून,
पोटातलं पाणी निघावं म्हणून.
फजरपर्यंत बसलो.
एकदा तोंड उघडलंन.
मला वाटलं, आली.

पाण्यातलं जनावर पाण्यात कसं बुडेल?
श्वास वरचाच घेतं, बाय. तुझ्यामाझ्यासारखा.

आई त्याला ताबेलू म्हणायची.
करीमनगरकडं तिच्या माहेरच्या विहिरीत एक होतं.
दुपारी काठावर पालथं पडून आम्ही मोजायचो,
वोकटी, रेंडू, मूडू...
शंभरापुढचे आकडे आम्हाला येत नव्हते,
म्हणून परत एकपासून.
नाकाचं टोक वर आलं की
आम्हीही श्वास सोडायचो.

झडप मी शिवली.
एक बाजू पक्की, तीन मोकळ्या.
कासव कुठून आणणार, घरची पितळी घागर आणली,
आतून ढकलली. काठाशी अडली.
तांडेलच्या भाषेत दोन आस सोडले.
परत ढकलली.
घागर भोकातून बाहेर आली आणि
फरशीवर ठणठणत लांब गेली,
माग चालू असतानाही सगळ्यांना ऐकू आली.

त्या रात्री पाळी माझी होती.
अडीचच्या सुमाराला रुई छातीत बसते,
खोकला कोरडा येतो, मी दाराकडे जाते.
पुढचं दार शेठचा माणूस आठला बंद करतो.
मागच्याला बाहेरून कुलूप,
माल जातो म्हणून.
किल्ली शेठच्या घरी, देवघरात.
आम्ही आत अकरा जण.
एवढी वर्षं त्या दाराला
मी फक्त पाठ टेकली होती.

खडू हातातच होता.
कडीपासून सुरू केलं,
हात पुरेना तेव्हा बीमवर चढले,
माणूस वाकून जाईल
एवढा गोल पुरा केला.

धोटा थांबवून
या खेपेला राजमल्लूनं बघितलं.